खरवसानंतर

घणसोली, १४ सप्टेंबर २०२५

अक्का,

नमस्कार करतो. फोन लावला की सुधीर उचलतो आणि "आई रानात गेलीया" म्हणतो. सकाळी लावला तरी रानात, दिवेलागणीला लावला तरी रानात. एवढी कामं तर तू तरुणपणीसुद्धा केली नाहीस. शेवटी कागद घेतला. फोन ठेवून देता येतो, कागद घरात पडून राहतो. मन झालं की वाच. वाचता येत नाही असं मात्र सांगू नकोस. आई गेल्यावर मला बाराखडी तूच गिरवायला लावलीस.

माझी नोकरी ठीक चालली आहे. पालिकेच्या बागांवर मुकादम, तेच. यंदा पावसानं हिरवळ कुजली, ती पुन्हा लावून घेतोय. अरुणा बरी आहे. जाई साडेचार वर्षांची झाली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आलेलं पोर, त्यामुळं बालवाडीच्या दारात आमच्या वयाचे आईबाप दुसरे नाहीत. मागच्या महिन्यात एक बाई मला म्हणाल्या, "आजोबा, नातीची बाटली राहिली." जाईनं त्यांना समजावलं, "हे आजोबा नाहीत. हे जुने पप्पा आहेत."

जाईचं दुधाचं अजून तसंच आहे, थेंबही बाधतो. घरात दूध, दही, तूप, लोणी काही येत नाही. पोर कशावर वाढतंय असं तुझ्या मनात येत असेल, तर सांगतो. नाचणीची भाकरी, नारळाच्या दुधातलं नाचणीचं सत्त्व, तिळाची चटणी, अंडी. अरुणा मांदेली कुरकुरीत तळते, ती जाई काट्यासकट खाते. वर डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियमचं औषध. अंगानं बारीक आहे, पण डॉक्टर वजन-उंची बघतात आणि मान हलवतात, म्हणजे ठीक.

मी बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक इंग्रजी वाचायला शिकलो. चष्मा लावून दुकानात उभा राहतो. आमचा दुकानदार नंदकिशोर म्हणतो, "मुकादम, पुडा घेताय का पुड्याची पत्रिका बघताय?" मी म्हटलं, "गुण जुळायला नकोत का? लेक सोपवायचीय." पण त्यानंच परवा हाक मारून सांगितलं, की जाईच्या नेहमीच्या बिस्किटात आता दुधाची पावडर घालायला लागलेत, घेऊ नका. मी वाचलं असतंच, तरी त्यानं सांगितलं ह्याचं मोल वेगळं. देवानं पोरीला एक गोष्ट वर्ज्य केली आणि राखायला सगळी गल्ली लावून दिली, असं मला कधीकधी वाटतं.

गणपतीत सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. दरवर्षी मला तिथं जड जातं. शिऱ्यात तूप, तीर्थात पंचामृत. शेजारच्या एक काकू म्हणतातच, "प्रसादाला नाही म्हणू नये हो. देवाच्या प्रसादानं कुणाला काय झालंय?" मी जाईच्या वाटचा प्रसाद कपाळाला लावतो आणि मीच खातो. यंदा गुरुजींनी स्वतः तिला बोलावलं. हात धुतले, वेगळ्या फुलपात्रात तुळशीचं पान घातलेलं साधं पाणी ठेवलं होतं, ते वेगळ्या पळीनं तिच्या ओंजळीत घातलं. काकूंकडे बघून म्हणाले, "तीर्थ म्हणजे आधी पाणीच. बाकीचं आपण घालतो." जाईनं पाणी पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला, अगदी मोठ्या बाईसारखा.

आता मुख्य. परवा वाशीला दवाखान्यात तपासणी झाली. आधी काही दिवस खाजेचं औषध बंद ठेवावं लागतं. मग हातावर थेंब ठेवतात, त्यातून बारीक टोचतात आणि वाट बघतात. जिथं दुधाचा थेंब, तिथं गांधी उठते; ती पट्टीनं मोजतात. गेल्या वर्षी वाटाण्याएवढी उठली होती, यंदा मसुराएवढी. रक्ताच्या तपासणीतही आकडा उतरलाय. डॉ. राजश्री मॅडम म्हणाल्या, आता भाजलेल्या दुधाची परीक्षा घेऊन बघू. म्हणजे केकात घालून भट्टीत बराच वेळ भाजलेलं दूध. त्या उष्णतेनं दुधातलं काहीतरी मोडतं, आणि काही मुलांना ते चालायला लागतं. परीक्षा त्यांच्यासमोर, दवाखान्यातच. तारीख डिसेंबरातली मिळाली.

मी त्यांना तुझ्यासाठी एक प्रश्न विचारला. म्हटलं, पिशवीचं दूध आणि घरच्या म्हशीचं दूध, ह्यात फरक असतो का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, गाय, म्हैस, शेळी, सगळ्यांच्या दुधाचा पिंड जवळजवळ एकच. दूध ताजं की शिळं, शुद्ध की पाणी घातलेलं, ह्याच्याशी तिच्या शरीराचं भांडण नाही. भांडण दुधाशीच आहे.

हे तुला दोष द्यायला लिहिलेलं नाही. "पिशवीतलं दूध म्हंजी पावडर, आपल्या म्हशीच्या दुधानं कुणाला काय झालंय," असं तू यात्रेच्या दिवशी म्हणालीस, तेव्हा तुझ्या अंगणातल्या सगळ्या बाया हो म्हणाल्या होत्या. काही बाधलं की आपण शहराला नाव ठेवतो, हवेला ठेवतो. गोठ्याला कोण ठेवणार?

ह्या पत्राचं मी अरुणाला सांगितलेलं नाही.

तुझा धाकटा भाऊ,
हौसा

घणसोली, ११ ऑक्टोबर २०२५

अक्का,

सुधीर घेवड्याची पोती घेऊन वाशीच्या बाजारात आला होता, तो परत जाताना आमच्याकडे डोकावला. तुझा निरोप काही नव्हता. पण एक गोष्ट त्याच्या तोंडून निसटली. त्याला रागावू नकोस, ती चहामुळं निसटली.

अरुणा त्याला म्हणाली, "सुधीर, आमच्याकडे कोराच चहा असतो हां. दूध आणायला पाठवू का?"

"नको मामी, चालंल की. आमच्याकडंबी एक कप काळाच असतो."

"कोणाचा?"

तो कपाकडं बघत म्हणाला, "आईचा. सांगू नको म्हणली हुती."

मग सगळंच सांगितलं. की तू यात्रेच्या त्या दिवसापासून दुधाचा थेंब घेतला नाहीस. भैरोबासमोर बोललीस, पोरीला दूध पचत न्हाय तवर मला न्हाय. दोन वेळच्या धारा काढतेस, डेअरीला घालतेस आणि स्वतः ताकाचं बोटही चाटत नाहीस. श्रावणात अंगणात घसरलीस, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाला, आजी, हाडं पोकळ झालीत, दूध घ्या, आणि तू म्हणालीस, गोळी असली तर द्या.

अरुणा ओट्याशी पाठ करून उभी होती. तिनं घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. सुधीर निघाला तेव्हा तिनं एकच विचारलं, "हात कुठला?"

"डावा."

"मग धारा कोण काढतं?"

"तीच. एका हातानं. ऐकती व्हय ती?"

तो गेल्यावर मी तिला पत्राचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. पाकिटाला डिंक लावताना तुम्ही सगळी खिडकीची फळी चिकट केलीत."

अक्का, त्या दिवसाचं आपण दोघं कधीच बोललो नाही. आज लिहितो. म्हैस नुकतीच व्यालेली, पहिला चीक तू देवाला दाखवलास, गूळ-वेलची घालून खरवस केलास आणि आमचा डोळा चुकवून नाही, हौसेनं, मांडीवर घेऊन जाईला भरवलास. दोन वड्या. तिसरी हातात असतानाच तिचे ओठ सुजले, आवाज बसला, ती ओढून ओढून श्वास घ्यायला लागली. अरुणा किंचाळली. मी नुसतं पोरीचं नाव घेत राहिलो. पिशवीच्या दुधानं तिला पुरळ उठतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं; तेव्हा आमच्याजवळ इंजेक्शन नव्हतं, ते असं जवळ बाळगायचं असतं हेही माहीत नव्हतं.

आणि तू अनवाणी रस्त्यावर पळालीस. डेअरीचा टेम्पो उतारावरून येत होता, त्याच्यापुढं हात पसरून उभी राहिलीस. ड्रायव्हर ओरडला, "मावशे, दूध नासंल माझं." तू म्हणालीस, "नासू दे, पोरगी चाललीया." कॅनांमध्ये आम्ही बसलो आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. इंजेक्शन बसलं, पोरीचा रंग परत आला. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून.

दवाखान्याच्या पायरीवर अरुणा तुला म्हणाली, "ह्यापुढे माझ्या पोरीला तुमच्या हातचं काही नाही. पाणीसुद्धा नाही." तू पदर सारखा केलास आणि चालत गावाकडं निघालीस.

अरुणा आई आहे, ती तसंच बोलणार. पण त्या दिवसातला खरवस सगळ्यांनी लक्षात ठेवला. तूसुद्धा. मी टेम्पो लक्षात ठेवलाय. रोज सकाळी दिवा लावताना देवाजवळ जी माणसं आठवून हात जोडतो, त्यात उतारावर हात पसरून उभी असलेली तू असतेस. हे तुला ठाऊक असावं.

नेम मोड असं मी म्हणणार नाही. देवाजवळ बोललेला शब्द माझ्या सांगण्यानं परत घेता येत नाही. पण दूध घेत नाहीस तर निदान जाईसारखं खा. नाचणी रोज, तीळ रोज, शेवग्याचा पाला परसात आहेच. सकाळच्या उन्हात बस. आणि डॉक्टरनं गोळी दिली असली तर ती घे, गोळी न घ्यायचा नेम तू केलेला नाहीस.

हौसा

घणसोली, २९ नोव्हेंबर २०२५

अक्का,

काल तुझा आवाज ऐकला. अडीच वर्षांनी. तू 'कसा हाईस' विचारलं नाहीस, सरळ भांडलीस. "माझ्या नेमापायी पोरीच्या तोंडाला दूध लावायचं न्हाय. मी मरंस्तवर काळा च्या पिईन. पोरीला काय झालं तर मी तिकडं तोंड दावायची न्हाय." आणि ठेवलास फोन. मला बोलू दिलं नाहीस, म्हणून पुन्हा कागद.

परीक्षा तुझ्या नेमासाठी नाही, जाईसाठी आहे. पुढं शाळेत जाईल, कुणाच्या वाढदिवसाला जाईल, कुणाच्या डब्यातलं चुकून खाईल. थोडंफार पचायला लागलं तर तिचा जीव तेवढा सुरक्षित. आणि आपण आपल्या मनानं काही करायचं नाही. डॉक्टर, नर्स, इंजेक्शन सगळं उशाशी.

घाबरलेला मीही आहे. इंजेक्शन द्यायला शिकलो तेव्हा मॅडमनी मोसंबीवर टोचायला लावलं होतं. मी इतक्या जोरात टोचलं की रस तोंडावर उडाला. रोज पहाटे बागेतल्या नळावर तोंड धुताना मी एवढंच म्हणतो, पोरीला जेवढं झेपेल तेवढंच दे. जास्त मागत नाही.

तूही तेवढंच म्हण.

हौसा

घणसोली, ७ डिसेंबर २०२५

अक्का,

काल सुधीरला फोनवर "पास" एवढंच सांगितलं. आता नीट सांगतो.

केक घरून करून न्यायचा असतो, दवाखान्यानं दिलेल्या मापानं. आमच्याकडे केक भाजायची विजेची भट्टी नाही. समोरच्या भाविकाकडे आहे. अरुणा घरात दूध आणायला धजत नव्हती, तेव्हा भाविका म्हणाली, "सगळं माझ्याकडेच करा ना, टेन्शन कशाला? माझा ओटा, माझी भांडी, मीच घासणार." अरुणा तिच्या स्वयंपाकघरात माप धरून उभी होती, जसं कुणी बियाण्याला औषध चोळताना उभं राहतं.

दवाखान्यात जाईला पलंगावर बसवलं. सिस्टरनं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं. मॅडमनी छाती तपासली आणि केकचा पहिला कण काढून दिला, मुंगी उचलून नेईल एवढा. अरुणानं तो बोटांत घेतला आणि तिचा हात तिथंच थांबला. पुढंच जाईना. "तुम्ही द्या," ती मला म्हणाली.

मी पुढं केला, तर जाईनं तोंड मिटलं.

"ह्यात दूध आहे?"

"आहे."

"मग मला नको. मला दूध बाधतं."

अक्का, दोन वर्षं आम्हीच तिला हे वाक्य पाठ करून घेतलं. बालवाडीत, बागेत, लग्नात, कुणीही काही पुढं केलं की ती हे म्हणते. त्या वाक्यानं तिला जपलं आणि आता आम्हीच तिला ते मोडायला सांगत होतो. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास, असंच विचारायचं. पण आज मी सांगितलंय." तरी तोंड बंदच. मग तिनं मला जवळ ओढलं आणि कानात विचारलं, "देवाला विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मॅडम शेजारी आहेत ना, मग खा."

तिनं खाल्ला. मग बराच वेळ नुसतं बसायचं. मग आधीपेक्षा जरा मोठा तुकडा. पुन्हा बसायचं. प्रत्येक वेळी सिस्टर येऊन छाती, अंग, जीभ बघून जायची. तिसऱ्या तुकड्यानंतर तिच्या ओठाच्या कडेला लाल ठिपका उठला. अरुणा भिंतीला टेकली. माझ्या डोळ्यांपुढं तुझं अंगण आलं. मॅडमनी ओल्या कापडानं तोंड पुसलं, दिव्याजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "नुसतं बाहेरून लागलंय. थांबू या." आम्ही थांबलो. जाई पायानं पलंगाची नळी वाजवत होती. मला तो आवाज नामस्मरणासारखा वाटला, कारण तो चालू होता तोवर ती श्वास घेत होती. ठिपका मावळला.

शेवटचा तुकडा चांगला मोठा होता. तो खाऊन ती म्हणाली, "हे कोरडं आहे. आईची नाचणीची वडी छान."

त्यानंतरही आम्हाला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. काही झालं नाही, अक्का. काहीच नाही. आयुष्यात काहीच न होण्यासाठी मी इतके आभार कधी मानले नव्हते. मॅडमना मी वाकून नमस्कार करायला गेलो तर त्या मागं सरकल्या, "अहो, तुम्ही मोठे आहात."

बाहेर बाकावर अरुणा बसली होती. मला वाटलं रडतेय. ती म्हणाली, "अक्कांना कळवा. आधी त्यांना."

पण नीट ऐक. ही फक्त भाजलेल्या दुधाची परवानगी आहे. रोज ठरलेला तुकडा, रोज. दूध, दही, तूप, पेढा, खरवस, सगळं अजून बंद. आणखी पायऱ्या आहेत, एकेक पायरी काही महिन्यांची, प्रत्येक मॅडमना विचारून. शेवटच्या पायरीवर पेलाभर दूध. पोचेल की नाही, कुणी सांगू शकत नाही.

हौसा

घणसोली, ४ जानेवारी २०२६

अक्का,

जाई रोज न चुकता तिचा तुकडा खाते. अंगावर काही नाही, पोटात काही नाही. भाविकानं तिची जुनी भट्टीच आम्हाला देऊन टाकली. म्हणाली, "रोज दार वाजवता, त्यापेक्षा घेऊन जा."

तू फोनवर म्हणालीस ते मी मनात घोळवत होतो. "पुरतं दूध पचल्याबगर नेम सुटत न्हाय. देवाला अर्धं चालत न्हाय." अक्का, तुझ्याइतकं मला कळत नाही, पण ह्यात मला वेगळं दिसतं. तू नेम तिच्यासाठी केलास, तर तिची जी वाट तीच तुझी वाट. देवानं तिला पेला दिला नाही, एक घास दिला. तो घास तिनं घेतला. तू नाकारलास तर तिच्या घासाला कमी लेखल्यासारखं होईल. हे मी अरुणाला बोलून दाखवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "तुम्ही नुसतं लिहीत बसा." आणि आज पहाटे उठून तिनं दुप्पट मापाचा केक केला.

तो ह्या पत्राबरोबर सुधीरच्या हाती पाठवतोय. स्टीलचा डबा आहे. अंडं घातलेलं नाही, गुरुवारीही चालेल. अरुणानं त्याचे जाईएवढेच तुकडे कापलेत आणि मला निरोप लिहून घ्यायला बसवलंय. ती सांगते तसंच लिहितो:

"अक्कांना सांगा, रोज एक तुकडा. जाई खाते तेवढाच, एकटीनं पुढं जायचं नाही. चहात दूध अजून नाही. जाईची पुढची पायरी आली की मी फोन करीन, मग त्यांनीही ती घ्यायची. आणि फोन त्यांनीच उचलायचा, रानात असल्या तरी.

"धारा सुधीरच्या बायकोनं काढायच्या, मनगट नीट होईपर्यंत.

"आणि डबा रिकामा परत पाठवू नका म्हणावं. संक्रांत आलीय, जाईला तीळ चालतात. लाडू त्यांनीच वळायचे, दुसऱ्या कुणाकडून नकोत. फक्त तुपाचा हात लावू नका. पाण्याचा लावा."

हौसा